बाहुलीचं ओझं

पेशंटला पलंगावरून स्ट्रेचरवर घ्यायचं असेल, तर अनुभवी वॉर्डबॉय आधी बघतो की तो शुद्धीवर आहे का. शुद्धीवरचा माणूस मान सावरतो, हात आपल्या खांद्यावर टाकतो, अंग थोडं आखडून धरतो. बेशुद्ध माणूस तेवढ्याच किलोंचा असूनही दोघांच्या हातातून निसटतो. मान मागे पडते, कंबर खाली लोंबते, एक हात भलतीकडेच जातो. ५० किलोंचं सिमेंटचं पोतं हमाल एकटा पाठीवर घेतो, कारण पोत्याचं वजन पाठीला चिकटून असतं. लुळ्या शरीराचं वजन आपल्यापासून लांब लोंबतं. जितकं लांब, तितका कमरेवर पीळ जास्त.

माणसाच्या मापाच्या, प्रौढांच्या लैंगिक वापरासाठी बनणाऱ्या सिलिकॉनच्या बाहुल्या हाताळताना नेमका हाच त्रास होतो. विषय ऐकून काहींच्या भुवया वर जातील, पण धंदा जुना आहे. तोक्योत ओरिएंट इंडस्ट्री १९७७ साली सुरू झाली, कॅलिफोर्नियात मॅट मॅकमलन यांनी १९९० च्या दशकात 'रिअलडॉल' बाजारात आणली आणि आता चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हे मोठं उत्पादन आहे. घेणारा बहुधा एकटा राहणारा असतो, त्यामुळे उचलायला दुसरा माणूस नाही. नैतिक चर्चा ज्यांना करायची त्यांनी जरूर करावी. मला कुतूहल आहे ते वजनाचं, कारण इथे हलकेपणा आणि खरेपणा एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत.

विहिरीत पोहायला शिकलेल्याला माणसाची घनता शिकवावी लागत नाही. छातीत हवा भरली की तरंगतो, सोडली की खाली जातो. म्हणजे आपण जवळजवळ पाण्याइतकेच दाट. ५० किलोंची व्यक्ती साधारण ५० लिटर जागा व्यापते. तेवढाच साचा सिलिकॉनने भरला, तर सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं दाट असल्यामुळे ऐवज भरतो सुमारे ५४ किलो. त्यात पोलादी सांगाडा आला की आणखी वाढ. हुबेहूब माणूस बनवला तर तो माणसाइतका जड होणारच, वर त्याला स्वतःला सावरता येत नाही.

वजन कमी करण्याची कला आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात रोज दिसते. शाडूची मूर्ती जड, कागदाच्या लगद्याची पोकळ मूर्ती एका हाताने उचलावी अशी. कापडाच्या दुकानातला साडी नेसवलेला पुतळाही फायबरग्लासचा, आतून रिकामा. पण त्या पुतळ्याला कुणी चिमटा काढून बघत नाही. इथे सगळा खेळ स्पर्शाचा आहे, आणि मऊ पदार्थाला पोकळ केलं की तो फुग्यासारखा चेपतो.

पदार्थ मुळात दोन. सिलिकॉन नावाच्या या रबरात सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या अणूंच्या लांब साखळ्या असतात, प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकाच्या मदतीने त्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही. ही जोडणी मात्र भलतीच नाजूक. साच्याच्या मातीत गंधक असेल किंवा कामगाराने लॅटेक्सचे हातमोजे घातले असतील, तर तेवढ्या भागात सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट राहतं. दुसरा पदार्थ टीपीई, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक. त्यात खनिज तेल मुरवलेलं असतं, बऱ्याचदा प्लास्टिकपेक्षा तेलच जास्त. त्याच्या साखळ्यांची टोकं गार झाल्यावर एकमेकांत गोळा होऊन गाठी बनतात, तापवलं की गाठी सुटतात. त्यामुळे ते स्वस्त पडतं, पुन्हा ओतता येतं आणि पाण्यापेक्षा दहाएक टक्के हलकंही असतं. तेच ५० लिटर आता ४५ किलोंत बसतात. पण तेल हळूहळू बाहेर झिरपतं, काळ्या जीन्सचा रंग अंगाला लागतो आणि गरम पाण्यात जास्त वेळ ठेवलं तर आकार बिघडतो. पावडर लावत राहावी लागते. स्वस्त वस्तूची चाकरी महाग पडते, त्यातलाच प्रकार.

खरी कपात होते ती गाभ्यात. वरचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सिलिकॉन ठेवायचं आणि आत सांगाड्याभोवती हलका पॉलियुरेथेन फोम भरायचा. हिशोब सोपा आहे. १६० सेंटीमीटर उंचीच्या, ५० किलोंच्या व्यक्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर. दीड सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे ढोबळमानाने २२ लिटर, २४ किलो. एक सेंटीमीटरचा थर म्हणजे १५ लिटर, १६ किलो. फोमचं वजन त्यापुढे किरकोळ. कागदावर ५४ किलोंची बाहुली निम्म्यावर आली.

कागदावरच. कारखान्यात पहिला अडथळा आर्किमिडीजचा. फोमचा २५ लिटरचा गाभा साच्यात ठेवून वरून पातळ सिलिकॉन ओतलं की तो बुचासारखा वर येऊ पाहतो. बाजूला सारलेलं सिलिकॉन २७ किलोंचं, गाभा सांगाड्यासकट सात-आठ किलोंचा, म्हणजे जवळपास २० किलोंचा रेटा वरच्या दिशेने. गाभा जरा हलला की पाठीकडे थर जाड होतो आणि पोटाकडे इतका पातळ की आतला फोम हाताला लागतो. त्यामुळे सांगाडा साच्यात मान, मनगट, टाच अशा ठिकाणी घट्ट पकडून ठेवावा लागतो.

दुसरा अडथळा दाबाचा, आणि तो मला जास्त आवडतो. साचा उभा ठेवून भरला तर दीड-पावणेदोन मीटर उंचीचा द्रवाचा स्तंभ तयार होतो. त्याच्या तळाशी, पावलांपाशी, प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १७० ग्रॅमचा भार येतो. सोफ्यातला साधा फोम ३०-४० ग्रॅममध्येच निम्म्याच्या जवळ दबतो. म्हणजे पोटऱ्यांतला फोम चेपून गेला, तिथे सिलिकॉन भरलं गेलं आणि वाचवलेलं वजन मागच्या दाराने परत आलं. साचा आडवा केला तर खोली २५-३० सेंटीमीटरच राहते, भार तीस ग्रॅमच्या आसपास येतो. तरीही फोम जरा कडक लागतो, आणि त्याची छिद्रं बंद करावी लागतात, नाहीतर सिलिकॉन स्पंजात पाणी शिरावं तसं आत शिरतं. भरीला, सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज फारसं काही चिकटत नाही. फोमला खाचा पाडून सिलिकॉन त्यात अडकवावं लागतं. ते जमलं नाही तर काही महिन्यांनी कातडं आत सुटून फिरायला लागतं.

आणखी एक वाट आहे, सिलिकॉनमध्येच सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळायची. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रामध्ये ठेवायचे हलके कृत्रिम अवयव असेच बनतात. वजन चांगलं पाव हिश्श्याने उतरतं. पण गोळ्या वाढल्या की पदार्थ ताठ होतो आणि ताणला तर लवकर फाटतो. काखेत किंवा जांघेत ते चालत नाही.

काखेचं दुखणं वेगळंच. आपण हात डोक्यावर नेतो तेव्हा सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यात होत नाही. साधारण १८० अंशांपैकी १२० सांध्यात होतात, उरलेले ६० खांद्याचं फरं पाठीवरून सरकल्यामुळे मिळतात. जुन्या बाहुल्यांच्या सांगाड्यात फक्त एक गोळा आणि एक वाटी असायची. हात वर केला की सगळा ताण काखेतल्या मूठभर कातड्यावर यायचा आणि ते फाटायचं. नव्या सांगाड्यांत खांदा वर उचलता येईल असा वेगळा सांधा देतात. हे कुठल्याही हाडवैद्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

सांध्यांतही वजनाचा हिशोब शिरतोच. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असतो. ५० किलोंच्या बाहुलीचा हात अडीच किलोंचा, त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून पाव मीटरवर. तो आडवा धरून ठेवायचा तर सांध्यातल्या घर्षणाला सहा न्यूटन-मीटरचा पीळ झेलावा लागतो. त्यासाठी नट आवळले की हलवणाऱ्याचा घाम निघतो. हात फोमचा झाला, निम्म्या वजनाचा झाला, की पीळही निम्मा. मग सांधा लहान चालतो, पोलादाऐवजी ॲल्युमिनियम चालतं, आणि तेही तिपटीने हलकं. विमान बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: एक किलो कमी केला की त्याला पेलणारं आणखी काहीतरी कमी होतं.

माणसाच्या आकाराचे बाकीचे पुतळे या कोड्यातून वेगवेगळ्या वाटांनी सुटले. नॉर्वेतला खेळणी बनवणारा ओसमुन लेर्डाल याने १९६० मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी 'ॲन' बनवली. तिथे काम तोंडाशी आणि छातीशी, त्यामुळे आज अनेक प्रशिक्षण वर्गांत कमरेपर्यंतचाच पुतळा पिशवीत घालून नेतात. मोटारींच्या अपघात चाचण्यांतला 'हायब्रिड थ्री' याच्या बरोबर उलट. मध्यम बांध्याच्या पुरुषाचा हा पुतळा ७८ किलोंच्या आसपास असतो आणि ते वजन कमी करून अजिबात चालत नाही. डोकं, छाती, मांडी, प्रत्येकाचं वजन ठरलेलं, कारण धडकेत मान किती झटकेल ते त्यावरच ठरतं. तो उचलायला सरळ यारी वापरतात.

दिसण्याचा भाग मी थोडक्यात आटोपतो, तिथे कारागिरी जास्त आणि हिशोब कमी. त्वचेवर पडलेला प्रकाश थोडा आत शिरतो, विखरतो आणि बाहेर येतो. वरून रंग फासलेलं कातडं म्हणूनच मेल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा अर्धपारदर्शक सिलिकॉनचे थर देऊन मधल्या थरात लाल-निळे बारीक तंतू टाकतात, कृत्रिम कान-नाक बनवणारे तंत्रज्ञ पूर्वीपासून करतात तसं. चेहरा फारच माणसासारखा झाला की बघणाऱ्याला शहारा येतो, हे जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं आहे.

बोटांत पूर्वी नुसती तार असायची. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की धातू थकतो, तुटतो, आणि तुटलेलं टोक कातड्यातून बाहेर येतं. आता बारीक बिजागऱ्यांची बोटं येतात.

पायांचं काय करायचं, हे अजून नीट सुटलेलं नाही. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही घोट्याचे स्नायू क्षणाक्षणाला तोल दुरुस्त करत असतात. बाहुलीला ते येत नाही, आणि सगळं वजन दोन पावलांच्या मऊ सिलिकॉनवर आलं तर तळवे फाटतात. म्हणून तळव्यातून पोलादी बोल्टांची डोकी बाहेर काढलेली असतात, त्यांवर ती भिंतीला टेकून उभी राहते. बसवून ठेवली तर मऊ भाग सपाट होतो, निजवली तर पाठ. बाहुली जितकी हलकी, तितकं हे सपाट होणं कमी, पण थांबत मात्र नाही. शेवटी पुष्कळ मालक एकच उपाय करतात: डोकं काढून ठेवायचं, मानेच्या बोल्टला हूक लावायचा आणि कोटासारखं कपाटात टांगून द्यायचं.