दिसायला पुली, काम क्रँक वाचवायचं

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, आर्वी घ्या, पुसद घ्या की वरोरा, बसस्टँडमागच्या गॅरेजात पंचवीस-तीस वर्षांची एखादी डिझेल जीप उभी दिसतेच. बाजाराच्या सवाऱ्या, कापसाचे बोद, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिनं ओढलेलं असतं. इंजिन दोन-तीनदा बांधून झालेलं असतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नोझल सगळं बदललेलं. क्रँकशाफ्ट किंवा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, त्याच्या पुढच्या टोकावर बसून फॅन बेल्ट फिरवणारी पुली मात्र कंपनीतून आली तीच. "लोखंडाले काय होते भाऊ?" असं मिस्तरी विचारतो. लोखंडाला काही होत नाही हे खरंच आहे. होतं ते लोखंडाच्या दोन कड्यांमध्ये दाबून बसवलेल्या रबराला.

पुलीकडे समोरून नीट पाहा. मधला भाग आणि बाहेरचं जड कडं यांच्यामध्ये बोटाच्या नखाच्या रुंदीपेक्षाही बारीक काळी गोल रेघ दिसली, तर ती नुसती पुली नाही, डॅम्पर पुली आहे, म्हणजे क्रँकची थरथर जिरवणारी. रेघ नसेल, सगळं एकसंध लोखंड असेल, तर त्या इंजिनाला मुळात साधीच पुली दिलेली असू शकते, किंवा आधी कुणी तरी डॅम्पर काढून साधी पुली चढवलेली असू शकते. दुसरी शक्यता चिंतेची आहे. ती का, हे कळायला क्रँकच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला 2000 फेरे धरले तर सेकंदाला साधारण 67 स्फोट झाले. प्रत्येक स्फोट क्रँकला झटका देतो. मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं, ते सहजी हलत नाही. पुढचं टोक त्या मानानं मोकळं. त्यामुळे झटका बसला की हा जाडजूड पोलादी दांडा किंचित पिळला जातो आणि लगेच उलट फिरून सुटतो. हा पीळ अंशाच्या छोट्याशा भागाइतका असतो, डोळ्यांना दिसणं शक्य नाही. पण फिरता फिरता तो दांडा सतत पिळत-सुटत असतो, आणि असं पिळण्या-सुटण्याचा त्याचा स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. त्याला नैसर्गिक कंप्रता म्हणतात.

आता डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन विहिरीवरून येणारी बाई आठवा. तिच्या पावलांचा ठेका आणि गुंडातल्या पाण्याच्या हिंदकळण्याचा ठेका जुळला, की चार पावलांत पाणी काठावरून सांडायला लागतं. म्हणून पाण्यावर पळसाची दोन पानं टाकतात. पानं पाण्याला थांबवत नाहीत. त्यांच्या घासण्यात हिंदकळण्याचा जोर जिरतो. इंजिनात पावलं म्हणजे स्फोट, आणि पानांच्या जागी डॅम्पर.

आकड्यांत सांगायचं तर समजा एखाद्या क्रँकची नैसर्गिक कंप्रता सेकंदाला 320 आहे. स्फोटाचा झटका गुळगुळीत नसतो, त्यात मूळ ठेक्याच्या पटीतले अनेक बारीक ठेके मिसळलेले असतात. डिझेलमध्ये दाब एकदम चढतो, त्यामुळे हे वरचे ठेके आणखी जोरकस. फेऱ्यामागे आठ वेळा पडणारा ठेका या क्रँकला मिनिटाच्या 2400 फेऱ्यांना नेमका गाठतो, सहा वेळा पडणारा 3200 फेऱ्यांना. त्या वेगाला पीळ वाढत जातो. सेकंदाला 320 म्हणजे तासाला साडेअकरा लाख वेळा पोलाद पिळलं आणि सुटलं. क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, जिथं गोलाई देऊन बाजूच्या पाखीशी, म्हणजे चपट्या भागाशी, जोडलेलं असतं, त्या कोपऱ्यात आधी केसाएवढी चीर पडते आणि मग एक दिवस क्रँक दोन तुकडे होतो. वर्धा-यवतमाळसारख्या सरळ रस्त्यावर एकाच वेगानं तासन्‌तास गाडी हाकणाऱ्यानं, किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट खालच्या गिअरमध्ये ताणत चढणाऱ्यानं, हे लक्षात घ्यायला हवं: वाईट वेग ओलांडून पुढं जाणं आणि त्याच वेगावर बसून राहणं यात फार फरक आहे.

सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ही पिळाची थरथर सीटवर बसून जाणवत नाही. गाडी हादरते ती बहुतेक वेळा इंजिनाचं माउंटिंग खचल्यामुळे, एखादा नोझल नीट मारत नसल्यामुळे. पीळ मात्र दांड्याच्या आतल्या आत चालतो. "गाडी तर मक्खन चालते" हा डॅम्पर ठीक असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये एका ओळीत सहा सिलिंडर असलेली इंजिनं बनू लागली, तेव्हा क्रँक लांब झाले, लांब झाले म्हणून लवचीक झाले, आणि तुटू लागले. हेन्री रॉइस यांनी क्रँकच्या पुढच्या टोकाला घसरू शकणारं छोटं फ्लायव्हील लावून पाहिलं. 1910 च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर यांनी हीच कल्पना रीतसर मांडली: टोकाला एक जड कडं बसवायचं, पण घट्ट नाही. क्रँक थरथरला की कडं आपल्या जडपणामुळे मागं राहतं, दोघांमध्ये घर्षण होतं, आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पुढं घर्षणाच्या जागी रबर आलं. रबर स्प्रिंगचंही काम करतं आणि ऊर्जा जिरवण्याचंही.

रबराचा कडकपणा आणि कड्याचं वजन मनाला येईल तसं नसतं. त्या विशिष्ट क्रँकच्या कंप्रतेशी जुळेल असंच ते ठरवलेलं असतं. डॅम्परची कंप्रता ही कडकपणा भागिले जडत्व यांच्या वर्गमुळावर चालते. म्हणजे वयानुसार रबर 21 टक्के कडक झालं, की कंप्रता 10 टक्के वर सरकते. डॅम्पर अजून जागेवर असतो, फिरत असतो, पण चुकीच्या ठेक्यावर काम करत असतो.

रबराच्या बाबतीत आपला मुलूख कठोर आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा 45 अंशांवर जातो, आणि बॉनेटखाली तर विचारूच नका. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुपटीनं वेगवान होतात, असा ठोकताळा आहे. उष्णतेनं रबर कडक होतं, हवेतल्या ओझोननं त्याला बारीक चिरा पडतात, आणि पुढच्या ऑइल सीलमधून झिरपणारं तेल काही जातींच्या रबराला फुगवून मऊ करतं. त्यात तेलावर काळ्या मातीची धूळ बसून असा थर जमतो की ती रेघच दिसेनाशी होते. गाडी शेडमध्ये उभी असली तरी हे वय चढतच राहतं. म्हणून डॅम्परचं आयुष्य किलोमीटरपेक्षा वर्षांत मोजणं मला जास्त योग्य वाटतं.

रबराची पकड सुटली की बाहेरचं कडं घसरतं. बऱ्याच इंजिनांत टायमिंगची, म्हणजे इंधन पेटण्याची वेळ जुळवायची, खूण त्याच कड्यावर असते. कडं घसरलं की खूणही घसरली. मिस्तरी खुणेला खूण लावून टायमिंग जुळवतो आणि इंजिन ठोकायला किंवा तापायला लागतं. दोष शोधला जातो पंपात, हेडमध्ये, रेडिएटरमध्ये, आणि खर्च वाढत जातो. घसरण ओळखायची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद असताना पुली पुसून मधला भाग, रबर आणि कडं यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. काही दिवस गाडी चालवून परत पाहायचं. रेघ तुटलेली दिसली तर डॅम्पर संपला. चालू इंजिनात पुली डगमगते का हे बघायचं असेल तर लांबून बघा, आणि गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा.

आता बदलायचं कसं, यात लेथचा विषय येतोच. जुन्या मॉडेलचा डॅम्पर लवकर मिळत नाही, आणि लेथवाला तेवढ्याच मापाची लोखंडी पुली अर्ध्या दिवसात कातून देतो. बेल्ट फिरतो, गाडी सुरू होते. आपल्याकडच्या लेथवाल्यांच्या हातात मोठं कसब आहे आणि त्यांच्यामुळेच इथली निम्मी जुनी यंत्रं चालतात. पण जिथं कंपनीनं डॅम्पर दिलाय तिथं ही पुली लावू नये. झिजलेल्या डॅम्परच्या बेल्टच्या खाचा साफ करायला कडं कातून हलकं करणंही टाळावं, आणि निघालेलं रबर काढून तिथं मिळेल ते रबर भरणंही. दोन्हीत ठेका बदलतो. काही इंजिनांत तर क्रँकचं संतुलन साधणारं वजनही याच कड्यात एका बाजूला ठेवलेलं असतं. ते गेलं तर इंजिन खरोखरच हादरू लागेल.

सुधारित डॅम्परबद्दलही विचारणा होते. मोठ्या ट्रकांच्या इंजिनांवर रबराऐवजी घट्ट सिलिकॉन तेलाचा डॅम्पर असतो: बंद डब्यात एक जड कडं तेलात तरंगतं. तो एकाच ठेक्याला बांधलेला नसल्यामुळे बऱ्याच वेगांवर उपयोगी पडतो. पण डब्याच्या आतली फट मिलिमीटरच्या काही भागाइतकी असते, त्यामुळे हातोडीचा एक पोचा पडला की कडं अडकतं. इंजिनात टर्बो चढवला असेल, फ्लायव्हील बदललं असेल, तर जाणकाराकडून हिशोब करून तो पर्याय बघावा. जशी होती तशीच जीप चालवायची असेल तर मूळ मापाचा नवा रबरी डॅम्परच उत्तम.

काढताना दोन पायांचा पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं हत्यार, बाहेरच्या कड्यात अडकवून ओढू नका, चांगलं रबरही उपटून येतं. मधल्या भागात बहुधा आटे पाडलेली भोकं असतात, बोल्ट तिथं लावून ओढायचं. बसवताना हातोडी नको. बोल्टानंच हळूहळू आत ओढून घ्यायचं आणि शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, आवळायचं. काही इंजिनांत तोच बोल्ट टायमिंगचं चाकही धरून असतो, तेव्हा सोडण्याआधी टायमिंग लॉक केलं पाहिजे. पुली निघालीच आहे तर ऑइल सील त्याच वेळी बदला, कारण डॅम्परचं रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम जातीचं असेल, तर ते उष्णतेला उत्तम टिकतं पण सीलमधून झिरपणाऱ्या तेलापुढं टिकत नाही. आणि दुकानदार सीलबंद खोका देईल तेव्हा त्यावरची तारीख वाचा: पंधरा वर्षं मांडणीवर पडलेल्या डॅम्परचं रबरही पंधरा वर्षांचंच असतं.