चिचुंद्री ‘विषारी उंदीर’ नव्हे

पावसाळा लागला की ठाण्यात नौपाडा-उथळसरच्या जुन्या चाळींत मोरीच्या कडेने चिचुंद्र्या पळताना दिसतात आणि ‘विषारी उंदीर आहे, चावला की संपलं’ हे पालुपद सुरू होतं. दोन्ही चूक. चिचुंद्री उंदीर नव्हेच. उंदराचे कुरतडायचे दात तिला नाहीत. सतत वळवळणारं लांब नाक आणि बारीक टोकदार दात असतात ते झुरळं नि किडे फोडायला.

विषाची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. युरोपातल्या ओढ्यांत तिची एक लांबची बहीण राहते, पाणचिचुंद्री. शेपटीखाली ताठ केसांची पट्टी, बुडी मारली की काळ्या केसांत हवा अडकून अंग चंदेरी दिसतं. हिच्या लाळेत खरंच विष असतं, त्याने छोटे बेडूक लुळे पडतात. माणसाला चावली तर आग होते, जीव जात नाही.

आपल्या चिचुंद्रीची गणना विषारी जातींत होत नाही. तिचं हत्यार म्हणजे कुशीतल्या ग्रंथींचा तो उग्र वास. मांजर तिला मारतं, पण बहुधा खात नाही. तरी चावलीच तर जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. शेवटी ती गटारातून आलेली असते.