अलैंगिकता (एस असणं)

अलैंगिकता म्हणजे दुसऱ्या कोणत्याच माणसाविषयी लैंगिक ओढ न वाटणं किंवा फारच कमी वाटणं. ज्यांना असं असतं त्यातले बरेच जण स्वतःला असेक्शुअल म्हणतात किंवा नुसतं 'एस'. मराठी शब्दाची एक अडचण आहे, 'अलैंगिक' हा शब्द आपण पहिल्यांदा शाळेच्या विज्ञानात वाचलेला असतो, अलैंगिक प्रजनन, अमिबा, हायड्रा, यीस्ट, त्यामुळे कोणी स्वतःबद्दल तो शब्द वापरला की समोरच्याच्या डोळ्यापुढे आधी अमिबाच येतो. म्हणून नागपुरात मराठी बोलणारी पोरंपोरीसुद्धा 'मी एस आहे' असंच म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटतं, जो शब्द तोंडातून सहज निघतो तोच आपला.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ब्रह्मचर्याशी. ब्रह्मचर्य हे व्रत आहे, तिथे ओढ असते आणि माणूस ती आवरतो. एस माणसाला आवरायचं काही नसतंच. तसंच हे नपुंसकत्व नाही, शरीर बिघडलेलं नसतं, हार्मोन्सचे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. काहींच्या शरीराला इच्छा होतेसुद्धा, पण ती कोणा माणसाकडे वळत नाही. काही एस लोक जोडीदारासाठी किंवा मूल हवं म्हणून संबंध ठेवतात, काहींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना किळस येते. म्हणजे कोण काय करतो यावरून ओळख ठरत नाही, आत ओढ आहे का नाही यावरून ठरते, आणि ते आत बघू शकणारा माणूस एकच असतो. म्हणूनच याची कुठली टेस्ट नाही आणि सर्टिफिकेटही नाही.

प्रेमाचं काय, हा पुढचा प्रश्न असतोच. तर प्रेमात पडणं आणि लैंगिक ओढ वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेकांच्या बाबतीत त्या सोबत येतात म्हणून एकच वाटतात. खूप एस लोकांना प्रेम होतं, हात धरून फुटाळा तलावावर बसावं, रात्री उशिरापर्यंत बोलत राहावं, एकत्र घर करावं असं सगळं वाटतं. ज्यांना प्रेमाचीही ओढ नसते ते अरोमँटिक. खूप घट्ट नातं जमल्यावरच ज्यांना ओढ वाटते ते डेमिसेक्शुअल, आणि क्वचित कधीतरी वाटते ते ग्रे. या नावांच्या सीमा पक्क्या नाहीत, माणूस आज एक शब्द घेतो आणि पाच वर्षांनी दुसरा, त्यात खोटेपणा काही नाही.

अमेरिकन संशोधक अल्फ्रेड किन्से यांनी 1948 साली माणसांच्या लैंगिक कलासाठी 0 (पूर्ण भिन्नलिंगी) ते 6 (पूर्ण समलिंगी) अशी पट्टी मांडली, आणि ज्यांचा कल कुठेच नव्हता त्यांना एक्स या वेगळ्या खान्यात टाकलं. मग 2001 मध्ये अमेरिकेत डेव्हिड जे यांनी एस लोकांसाठी एव्हेन हे ऑनलाइन नेटवर्क सुरू केलं आणि एकेकटे बसलेले लोक एकमेकांना सापडले. 2004 मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या 18,000 हून जास्त लोकांच्या सर्व्हेचा डेटा तपासला तर सुमारे 1 टक्का लोकांनी आपल्याला कोणाचीच लैंगिक ओढ वाटली नाही असं सांगितलेलं. तो आकडा ब्रिटनचा, इथे जसाच्या तसा लावता येत नाही, पण 2011 च्या जनगणनेत नागपूर शहर 24 लाखांचं होतं, तेव्हा अंदाज ज्याचा त्याने करावा. काळा, राखाडी, पांढरा, जांभळा असा चार पट्ट्यांचा एस लोकांचा झेंडा 2010 चा. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकन मानसोपचार ग्रंथात इच्छा कमी असण्याच्या निदानाखाली स्पष्ट लिहिलंय की माणूस स्वतःला अलैंगिक म्हणत असेल तर ते निदान लावू नये. हे वाक्य इथल्या डॉक्टरांपर्यंत पोचायला पाहिजे, कारण माझ्या ओळखीच्या एकीला घरचे शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले आणि तिथून ती थायरॉइडची तपासणी, टॉनिक आणि 'लग्न झालं की सगळं ठीक होईल' एवढं घेऊन परत आली.

आपल्याकडे खरी अडचण लग्नाचीच आहे. बायोडाट्यात रास, नाडी, गोत्र, पॅकेज सगळं असतं, ही गोष्ट लिहायला जागा नसते. पोहे होतात, पसंती येते आणि पोट्टी नाही म्हणते, की लगेच मावशी विचारते 'काहून बाई, दुसरा कोणी हाय का मनात?' कोणीच नाही, हे उत्तर कोणाला पटत नाही. मुलगा असला तर मित्र मर्दानगीवर येतात. कायदाही लग्नात शरीरसंबंध धरूनच चालतो, 1954 च्या विशेष विवाह कायद्यात जाणूनबुजून नकार दिल्याने संबंध एकदाही झाले नाहीत तर लग्न रद्द होऊ शकतं आणि सबळ कारण नसताना दीर्घकाळ नकार देणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते असं सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये म्हटलंय. त्यामुळे स्थळ पुढे जायच्या आधी बोलणं, कितीही जड गेलं तरी, दोघांच्याही भल्याचं. नागपुरात सारथी ट्रस्ट एलजीबीटी लोकांसोबत काम करतो, तिथे एकटेपणा थोडा कमी होतो. पण 2018 ला कलम 377 चा निकाल लागून समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत तेव्हाही एस लोकांबद्दल फारसं कोणी बोललं नाही, गुन्हा काही 'न करण्या'चा नव्हता ना.

एस लोकांची एक खूण आहे, उजव्या हाताच्या मधल्या बोटात काळी अंगठी, ही पद्धत 2005 च्या आसपास एव्हेनवरच सुरू झाली. आपल्याकडे मधलं बोट शनीचं, तिथे घोड्याच्या नालेची अंगठी घालतात. त्यामुळे माझी एक एस मैत्रीण अंगठी घालून इतवारीत आत्याकडे गेली तर आत्या हात धरून म्हणे 'साडेसाती चालू हाय का तुले?' तिने हो म्हटलं आणि चहा घेतला. घरी आल्यावर आईने तेच विचारलं तेव्हा मात्र तिने अंगठी काढून आईच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आई बराच वेळ ती अंगठी बोटांनी फिरवत बसली, मग म्हणाली, 'घाल परत, हरवशील.'