जुनी गाडी दुरुस्त करावी की बदलावी? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक हाती पडले की आमचे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात, "एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का, की आता गाडी काढूनच टाकू?" या प्रश्नाचे उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देण्यासारखे नसते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहोत. आमचा चरितार्थ दुरुस्तीवर चालतो, हे आपणांस ठाऊक आहे. त्यामुळे आम्ही "गाडी ठेवा" असे म्हणतो तेव्हा त्यामागचे कारण पारखून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि ते पारखता येईल एवढी माहिती आपल्यापाशी असावी, याच हेतूने हे पत्रक काढले आहे.

मीटरवर एक लाखाचा आकडा दिसला की गाडी संपली, ही समजूत अजूनही अनेकांच्या मनात आहे. नुसत्या आकड्यावरून गाडीची झीज कळत नाही आणि मुंबईत तर मुळीच कळत नाही. द्रुतगती मार्गावर जी गाडी दीड तासात शंभर किलोमीटर सहज कापते, तीच गाडी संध्याकाळच्या गर्दीत वांद्र्याहून बोरिवलीला पोहोचेपर्यंत तेवढ्याच वेळात वीसेक किलोमीटर सरकते. इंजिन दोन्ही वेळा सारखेच तास फिरलेले असते, पण दुसऱ्या प्रवासात क्लच शेकडो वेळा दाबला गेलेला असतो, रेडिएटरचा पंखा जवळजवळ अखंड चाललेला असतो आणि एसीच्या कॉम्प्रेसरला उसंत मिळालेली नसते. म्हणूनच शहरातच फिरलेल्या ऐंशी हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा महामार्गावर दीड लाख किलोमीटर धावलेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी आतून अधिक निरोगी निघाल्याचे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आधी पत्रा, मग इंजिन

जुन्या गाडीची तपासणी आम्ही बॉनेट उघडून नव्हे, तर गाडी लिफ्टवर घेऊन सुरू करतो. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेंशन हे सगळे बदलता येते, परंतु सांगाडा सडला तर त्यावर केलेला प्रत्येक खर्च वाळूवर बांधलेल्या घरासारखा ठरतो. चार महिने पाऊस आणि वर्षभर खारी हवा असलेल्या या शहरात गंज कोठे धरतो, हे ठरलेले आहे. दरवाज्यांखालचा रनिंग बोर्ड, जॅक लावण्याची जागा, पायाखालच्या मॅटखालचा फ्लोअर, पुढचे शॉकअप वर जेथे बसतात तो भाग आणि पुढच्या चाकांचा भार घेणारा सबफ्रेम या जागा आम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. घट्ट पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला पत्रा बोदा आवाज देतो आणि त्यातून तांबूस पापुद्रे खाली झडतात.

प्रभादेवीला समुद्राकाठी राहणाऱ्या आमच्या एका ग्राहकांची डिझेल गाडी अशीच होती. इंजिन उत्तम होते, आतील सीटसुद्धा नव्यासारख्या होत्या. क्लच बदलण्यासाठी ती आमच्याकडे आली होती. उजव्या बाजूला जॅक लावला, तर गाडी उचलण्याऐवजी जॅकच पत्र्यात शिरला. वरून रंग लावून झाकलेल्या त्या रनिंग बोर्डाच्या आत हात घातला, तेव्हा ओंजळभर गंज बाहेर आला. क्लचचे काम न करता आम्ही ती गाडी परत दिली आणि तिच्यावर यापुढे एक रुपयाही घालू नये, असे स्पष्ट सांगितले. अपघात झाला तर अशी गाडी आतल्या माणसांना वाचवू शकत नाही. नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आलेले असताना तेथे केवळ पत्रा ठिगळ लावून रंगवून देणे आमच्या मनाला पटत नाही आणि आम्ही ते करीत नाही.

पत्रा शाबूत असेल, तर मात्र इंजिनाच्या दुखण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धुराचा रंग बरेच काही सांगून जातो. सकाळी गार इंजिन सुरू करताना निळसर धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात आणि ते काम मर्यादित खर्चात होते. वेग घेताना निळा धूर सतत येत असेल आणि डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) तेल दर महिन्याला उतरत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचा बोअर (आतली भिंत) झिजल्याची शक्यता धरावी लागते. अशा वेळी आम्ही प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत कोंडलेल्या हवेचा दाब) मोजतो आणि ते आकडे आपल्याला लिहून देतो, कारण कॉम्प्रेशन न मोजता "इंजिनकाम निघाले" असे कोणी म्हटले, तर ते निदान नसून अंदाज असतो. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून निघणारी थोडी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. परंतु कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल आणि तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांमधली सीलबंद पट्टी) तपासून घ्यावे आणि तोवर गाडी चालवू नये.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने इंजिन आणून बसवावे का, असेही विचारले जाते. ते बसवता येते, परंतु इंजिन क्रमांक बदलतो आणि तो बदल आरटीओकडून नोंदणी पुस्तकात करून घ्यावा लागतो. ज्या इंजिनाची कागदपत्रे विक्रेता देऊ शकत नाही, ते आम्ही बसवीत नाही.

खर्च कसा मोजावा

"दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की गाडी बदलावी", हा सर्वांच्या तोंडी असलेला नियम आम्हाला अपुरा वाटतो. गाडी विकून येणारी रक्कम आणि त्याच गाडीने पुढची दोन वर्षे दिलेली सेवा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आजचे बिल गाडीच्या बाजारभावाशी न ताडता, पुढील चोवीस महिन्यांत तिच्यावर होणारा सगळा अपेक्षित खर्च नव्या गाडीच्या चोवीस महिन्यांच्या खर्चाशी ताडावा, असे आम्ही सुचवतो.

उदाहरण घेऊ. बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीला क्लच सेट, लोअर आर्म, शॉकअप, रेडिएटर आणि चार टायर मिळून ६२,००० रुपये लागणार आहेत आणि बाजारात तिला १,४०,००० रुपये मिळतील, असे समजू. हा खर्च दोन वर्षांवर वाटला, तर महिन्याला सुमारे २,६०० रुपये पडतात. त्यात नेहमीच्या सर्व्हिसिंगचे आणि अडीअडचणीचे मिळून आणखी २,००० धरले, तरी आकडा ४,६०० होतो. याउलट नव्या गाडीसाठी साडेपाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ताच महिन्याला सुमारे ११,४०० रुपये येतो आणि अधिक विमा, सर्व्हिसिंग वेगळे. शिवाय महाराष्ट्रात नव्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांपासून पुढे वाहन कर भरावा लागतो. नवी गाडी रस्त्यावर येताच तिची किंमत उतरू लागते. विम्याच्या कोष्टकात तर वर्ष उलटलेल्या गाडीला २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा (वयामुळे किमतीत होणारी घट) धरलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने हे गणित नव्या गाडीच्या बाजूने थोडे झुकले आहे, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, पण ते उलटलेले नाही.

ते उलटते केव्हा? बिले एकामागोमाग येऊ लागतात आणि प्रत्येक बिल वेगळ्या भागाचे असते तेव्हा. मार्चमध्ये अल्टरनेटर, मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर, जुलैत स्टीअरिंग रॅक, असा क्रम सुरू झाला की एखादा भाग नव्हे, तर सगळी गाडीच थकलेली असते. कामाच्या दिवशी गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहण्याचा मनस्ताप बिलात लिहिलेला नसतो, तोही धरावा. म्हणून मागील दोन वर्षांची बिले जपून ठेवा. ती एकत्र पाहिली की बऱ्याचदा उत्तर समोरच दिसते.

आणखी एका गोष्टीचे मोल पैशात करता येत नाही. मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत यांपैकी काहीच नाही आणि दुरुस्तीने ते बसवता येत नाही. गाडी फक्त घर ते स्टेशन एवढीच फिरत असेल, तर एक वेळ चालेल. दर गणपतीला लहान मुलांसह रात्रभर कोकणचा रस्ता धरणाऱ्या कुटुंबाला मात्र, इंजिन कितीही चांगले असले तरी, आम्ही गाडी बदलण्याचाच सल्ला देतो.

कागदपत्रे आणि नियम

वृत्तपत्रांत वाचून काही ग्राहक धास्तावून येतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती घातली गेली, ती मुंबईतील गाड्यांना लागू नाही. येथे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी तपासणीत योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. पंधरा वर्षे पूर्ण होण्यास वर्षभर उरले असताना मोठे काम काढायचे असेल, तर नूतनीकरणाचा हा खर्च आधी जमेस धरावा. सीएनजी गाडी असल्यास दर तीन वर्षांनी होणारी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) कधी आहे, तेही पाहावे. जुन्या पेट्रोल गाड्यांतील इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नसतात, म्हणून ती प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्यावीत.

पावसाळ्याबद्दल एकच कळकळीची विनंती आहे. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अन्यत्र पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कृपया करू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि चावी फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो. किरकोळ सफाईत सुटणारी गाडी त्या एका क्षणात इंजिनकामाला येते आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल, तर असा खर्च विम्यातून सहसा मिळत नाही. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मा घसारा कापला जातो. दुरुस्ती विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेली, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. त्यामुळे विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते मूल्य फार खाली उतरू देऊ नका.

गाडी काढायची ठरली, तर नमुना २९ आणि ३० भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करा, अन्यथा उद्याच्या अपघाताची जबाबदारी आपल्यापर्यंत येऊ शकते. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून आपला असतो, तो नव्या गाडीकडे वळवून घ्या. पत्रा सडलेली गाडी कोणाला विकण्यापेक्षा नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी भंगारात दिल्याच्या दाखल्यावर) नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

तपासणीसाठी गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवावी, म्हणजे सकाळी गार इंजिन आम्हालाच सुरू करता येईल. सोबत नोंदणी पुस्तक, विम्याची प्रत आणि असतील ती जुनी बिले आणावीत. गाडी लिफ्टवर असताना शक्य असल्यास आपण स्वतः हजर राहावे, म्हणजे आम्ही दाखवू ते आपल्या डोळ्यांनी पाहता येईल. कॉम्प्रेशनचे आकडे आणि पत्र्याची छायाचित्रे असलेला लेखी अहवाल आपल्याला दिला जाईल आणि तो घेऊन दुसऱ्या कोणत्याही गॅरेजचे मत घेण्यास आमची हरकत नाही.