डीप स्टॉपचा गोंधळ आला कुठून?

अँड्रिया डोरिया हे इटालियन प्रवासी जहाज २६ जुलै १९५६ रोजी नँटकेट बेटाच्या दक्षिणेला बुडाले. तळ सुमारे ७३ मीटरवर. पुढची तीनेक दशके बहुतेक पाणबुडे तिथे साध्या हवेवरच उतरत होते. त्या खोलीवर दाब ८.३ बार असतो. हवेतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब १.७ बारवर जातो, म्हणजे झटक्यांचा धोका. शिवाय नायट्रोजनची गुंगी. १९९० च्या आसपास ट्रायमिक्स, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचे मिश्रण, रुळले (७५ मीटरला १५ टक्के ऑक्सिजन, ५५ टक्के हेलियम असे मिश्रण चालते) आणि डोके ठिकाणावर राहू लागले. वर येण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला: दाबाखाली शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबत वर यावे लागते, ते थांबे कुठे घ्यायचे?

त्यातच 'डीप स्टॉप', म्हणजे नेहमीपेक्षा खोलवरचा थांबा, हा शब्द आला. खोलवरून मासे जिवंत आणणाऱ्या एका मत्स्यशास्त्रज्ञाला माशांच्या वाताशयातली हवा सोडण्यासाठी वाटेत खोलवर थांबावे लागे, आणि अशा डाइव्हनंतर थकवा कमी जाणवे. निरीक्षण प्रामाणिक होते. मग बुडबुड्यांची गणिते मांडणारी मॉडेल्स आली आणि खोल थांबा म्हणजे जास्त खबरदारी, असे समीकरण रूढ झाले. ग्रेडियंट फॅक्टरच्या (डाइव्ह कॉम्प्युटर किती सावध राहील ते ठरवणाऱ्या दोन टक्केवाऱ्यांच्या) जोडीतला पहिला आकडा लोक १०-२० पर्यंत खाली नेऊ लागले. हा आकडा पहिला थांबा किती खोल येईल ते ठरवतो, दुसरा आकडा पृष्ठभागावर किती अतिसंपृक्तता, म्हणजे शरीरात उरलेला जादा वायू, चालेल ते. पहिला कमी ठेवला की थांबा खोल येतो. तिथे जलद ऊती (शरीराचे वायू पटकन घेणारे-सोडणारे भाग) वायू सोडत असतात, पण मंद ऊती अजून भरतच असतात, आणि त्याचा हिशेब शेवटी उथळ थांब्यांवर चुकवावा लागतो.

अमेरिकी नौदलाने हे तपासले. अहवाल २०११ चा. ५२ मीटरवर ३० मिनिटे आणि दोन्ही गटांना सारखाच १७४ मिनिटांचा डेको, म्हणजे वर येताना थांब्यांसह लागणारा वेळ. फरक फक्त थांब्यांच्या वाटणीचा: एका गटाचा पहिला थांबा १२ मीटरवर, दुसऱ्याचा २१ वर. उथळ वाटणीत १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना बेंड्स (शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार), खोल वाटणीत १९८ मध्ये ११. वायू हवा होता, ट्रायमिक्स नव्हे, आणि ते थांबे आमच्यासारखे नव्हते, हा डीप स्टॉप घेणाऱ्यांचा आक्षेप तेव्हापासून आजवर ऐकू येतो. आक्षेपात तथ्य आहे, पण तेवढ्यावर डीप स्टॉप सुरक्षित ठरत नाही. उलटे सिद्ध करणारी चाचणी समोर आलेली नाही.

डोरियावर बोट फक्त नेऊन सोडते. अँकर लाइनला धरून प्रवाहात लटकताना कोणता सिलिंडर कधी तोंडाला लावायचा, हे ज्याचे त्याने सांभाळायचे. ५० टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स (ऑक्सिजन-नायट्रोजनचे मिश्रण) २१ मीटरपासून, शुद्ध ऑक्सिजन ६ पासून. २१ वर चुकून ऑक्सिजनचा रेग्युलेटर (श्वास घेण्याचे साधन) तोंडात गेला तर आंशिक दाब ३.१ बार होतो. झटका आला की रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून सिलिंडरवर मोठा '६' लिहितात, खोली पाहतात, होज (नळी) सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत हाताने चाचपतात, जोडीदाराला दाखवतात आणि मगच बदलतात.

ग्रेडियंट फॅक्टरला अशी खूण नाही. कॉम्प्युटर प्रत्येकाच्या मनगटावर आणि आकडे प्रत्येकाचे वेगळे: एकाचे ३०/७०, दुसऱ्याचे ५०/८०. म्हणून जाणते पाणबुडे उतरण्याआधी दोघांचे आकडे पाटीवर लिहून घेतात, आणि शेवटच्या थांब्यावर ज्याचा कॉम्प्युटर जास्त वेळ दाखवतो त्याच्यासाठी दोघेही थांबतात.