अंटार्क्टिक हिमनग

अंटार्क्टिकाच्या काठावरून तुटून समुद्रात वाहणारा बर्फाचा महाकाय तुकडा. खंडावर साचलेले हिम स्वतःच्याच भाराने दबून बर्फ बनते, हिमनद्यांतून किनाऱ्याकडे सरकते आणि समुद्रावर तरंगत पसरते. या तरंगत्या पठाराला आइस शेल्फ म्हणतात. त्याच्या कडेच्या भेगा वर्षानुवर्षे लांबत जातात व अखेर सपाट माथ्याचा तुकडा सुटतो. हे नेहमीचेच आहे. प्रत्येक हिमनगाचे खापर तापमानवाढीवर फोडणे घाईचे. २००२ मध्ये लार्सन-बी हे आइस शेल्फ काही आठवड्यांत कोसळले, ते प्रकरण निराळे: तिथे उन्हाळ्यात वितळलेले पाणी भेगांत शिरले आणि त्या खालपर्यंत उकलल्या.

२००० साली रॉस आइस शेल्फपासून सुटलेला बी-१५ सुमारे ११,००० चौ. किमी. होता. बेळगाव जिल्हा क्षेत्रफळात कर्नाटकात सर्वांत मोठा, तो १३,४१५ चौ. किमी.; म्हणजे खानापूर आणि आणखी एखादा तालुका वगळला तर उरलेल्या जिल्ह्याएवढा एकच हिमनग.

बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असल्याने मोठ्या हिमनगावर वाऱ्यापेक्षा सागरी प्रवाहांचीच सत्ता चालते, आणि तळ उथळ असला की तो रुततो. ए-२३ए हा हिमनग १९८६ मध्ये फिल्शनर आइस शेल्फपासून सुटला. त्या तुटलेल्या भागावर द्रुझ्नाया-१ हे सोव्हिएत केंद्र होते! पुढे तो वेडेल समुद्राच्या तळाला अडकून तीस वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. २०२० च्या सुमारास सुटला, उत्तरेकडे निघाला आणि २०२४ मध्ये समुद्रतळावरील एका उंचवट्यामुळे तयार झालेल्या भोवऱ्यात कित्येक महिने जागच्या जागी फिरत बसला. २०२५ मध्ये तो दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ पुन्हा टेकला आणि त्याच वर्षी तिथून सुटल्यावर त्याचे मोठाले तुकडे पडू लागले.

भारताचे पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, हेही आइस शेल्फवरच होते. ते हिमात गाडले गेले, म्हणून ‘मैत्री’ खडकावर उभारले. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची सूत्रे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. ते बेळगावच्या शेजारीच, लोंढ्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या टोकाला, गोव्यातील वास्कोत आहे.

हिमनग फुटतो तो मुख्यतः कडांपासून. लाटा पाण्याच्या रेषेत बर्फ पोखरतात, वरचा कडा ढासळतो, पाण्याखाली बर्फाची पायरी उरते. ती तरंगून वर येऊ पाहते आणि त्या ताणाने नवा तुकडा मोडतो. आधीच तरंगत असल्याने त्याच्या वितळण्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. बर्फातील लोह मात्र आसपासच्या प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, खाद्य पुरवते.