फोन चालू ठेवून चार्ज करायचा की बंद करून? आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहिती

काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतंच, "अण्णा, फोन बंद करून चार्जिंगला लावला की बॅटरी जास्त दिवस जाते म्हणतात, खरं काय ओ?" गर्दीत आमच्याकडनं अर्धवट उत्तर दिलं जातं, माणूस घरी जाऊन तिसरंच सांगतो आणि पुढच्या आठवड्यात त्याचा भाऊ येऊन चौथंच विचारतो. म्हणून हा कागद काढलाय, बिलाबरोबर घेऊन जावा, घरात ज्याच्या हातात दिवसभर फोन असतो त्याला पण वाचायला द्या.

आधी थेट उत्तर. चालू ठेवून लावला तरी चालतं, बंद करून लावला तरी चालतं, बॅटरीचं आयुष्य ह्याच्यावर ठरत नाही. बंद फोन थोडा लवकर भरतो एवढंच. बॅटरी मरते ती मुख्य म्हणजे गरम होऊन, आणि त्या गरमीला कारण बहुतेक वेळा हलका चार्जर, नाहीतर गादीवर उशीखाली ठेवलेला फोन, नाहीतर चार्जिंग चालू असताना तासभर चाललेला गेम. ते सोडून लोक स्विच ऑफ करायचं बटन धरून बसतात.

लवकर भरतो म्हणजे किती लवकर, ते पण बगा. तुमच्या चार्जरवर मुंगीसारख्या अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, ५ व्होल्ट २ अँपियर असेल तर तो १० वॅटचा चार्जर. स्क्रीन बंद करून फोन नुसता टेबलावर पडलाय तर तो स्वतःला जेमतेम अर्धा वॅट खातो, बऱ्याचदा तेवढा पण नाही. म्हणजे दहातले साडेनऊ बॅटरीला जातातच, मग बंद करून मिळवलं काय, पाच-दहा मिनिटं. त्या पाच-दहा मिनिटांसाठी बँकेचा ओटीपी चुकतो, दवाखान्यातनं आलेला फोन लागत नाही, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बंद असताना सकाळचा अलार्म पण वाजत नाही, मग बस चुकली की शिव्या आम्हाला. तेच व्हिडिओ लावला, ब्राइटनेस फुल, तर फोन दोन-तीन वॅट सहज ओढतो, गेम असेल तर त्याच्या पण वर, आणि मग १० वॅटच्या चार्जरवर "अर्धा तास लावलाय, टक्का हलेना" अशी तक्रार येते. चार्जर बरोबर असतो, तुम्हीच बाजूनं काढून घेत असता. काही मॉडेलात तर स्क्रीन चालू असली की फोन आपणहून फास्ट चार्जिंग मंद करतो, जास्त तापू नये म्हणून.

आपल्या बेळगाव भागाची एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही. खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडं जंगलात रेंज एक काडी, कधी ती पण नाही. रेंज नसली की फोन गप्प बसत नाही, टॉवर शोधत राहतो आणि जेवढा टॉवर लांब तेवढी जास्त ताकद लावतो. शिनोळी, चंदगडच्या बाजूला तर फोन एकदा कर्नाटकचा टॉवर पकडतो, एकदा महाराष्ट्राचा, दिवसभर हेच चाललेलं. अशा ठिकाणी खिशात ठेवलेला फोन पण कोमट लागतो. तिथं मात्र चार्जिंगच्या वेळी फ्लाइट मोड टाकला तर खरोखर फरक पडतो, लवकर भरतो आणि थंड राहतो. बंदच करायला पाहिजे असं नाही, फ्लाइट मोडमध्ये अलार्म वाजतो, घड्याळ दिसतं. नाहीतरी रेंज नसलेल्या घरात फोन चालू ठेवून कुणाचा कॉल येणार आहे.

"८० पर्यंत भराभर आला, आता तासभर तिथंच बसलाय" हे पण रोजचं. बॅटरी खराब नाही, लिथियमची बॅटरी भरायची रीतच तशी आहे. सुरुवातीला करंट जोरात सोडतात, व्होल्टेज ठरलेल्या हद्दीला, म्हणजे साधारण ४.२ ते ४.४ व्होल्टच्या आसपास पोचलं की तिथंच धरून करंट हळूहळू कमी करत नेतात. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, बस भरताना बघितलाय न्हवं, पहिल्यांदा सगळे भराभर चढून सीटा धरतात, शेवटच्या दहा जणांना "आत सरका, आत सरका" करत कंडक्टरला घाम फुटतो, तसंच. फोन बंद केला म्हणून हा शेवटचा टप्पा काही पळत नाही. गडबडीत असाल तर ८० ला काढा आणि निघा, बॅटरीला ते उलट बरंच आहे.

रात्रभर लावून ठेवला तर? फुल झाल्यावर चार्जिंग थांबवणारा सर्किट फोनच्या आत असतो, त्यामुळं फुटणार बिटणार नाही. पण १०० वर तासनतास बसवून ठेवणं बॅटरीला मानवत नाही, म्हणून तर आता बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्याला थांबवायची सोय दिलीय, बॅटरीच्या पानावर शोधा, सापडलं नाही तर आमच्याकडं आणा, आम्ही करून देतो, पैसे लागत नाहीत. बॅटरी किती जाते त्याचं माप सायकलमध्ये करतात, आज ५० टक्के भरला, उद्या ५० भरला, मिळून एक सायकल. ॲपल आयफोन १५ पासून सांगते की १००० सायकलीनंतर ८० टक्के ताकद शिल्लक राहावी, त्याच्या आधीच्या मॉडेलना हा आकडा ५०० होता. तेव्हा दोन वर्षांनी "पहिल्यासारखा टिकत नाही" म्हणून आलात तर त्यात फोनचा किंवा तुमचा काही गुन्हा नाही, बॅटरी वापरून संपणारी वस्तू आहे, टायरसारखी बदलावी लागते.

मग हे "बंद करून चार्ज करा" आलं कुठनं? बरंचसं जुन्या काळातनं. आधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट उतरलेल्या असतानाच परत परत भरल्या की नाटकं करायच्या, म्हणून पूर्ण उतरवा, नवीन फोन आठ तास बंद ठेवून चार्ज करा, असे नियम झाले. लिथियम-आयनची बॅटरी १९९१ साली सोनीनं बाजारात आणली, ज्यांनी ती घडवली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्यांना २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल पण मिळालं, पण आठ तासांचा नियम अजून गल्लीत फिरतोय. नव्या फोनला तसलं काही लागत नाही, डब्यातनं काढा आणि वापरा. दुसरं म्हणजे भीती. २००७ ला नोकियानं बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा काढला होता, मात्सुशिता ह्या जपानी कंपनीनं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, त्यातल्या काही चार्जिंगला असताना शॉर्ट होऊन तापू शकत होत्या. तेव्हा आपल्याकडं घरोघरी लोकांनी बॅटऱ्या काढून नंबर बघितले होते, आठवत असेल. दोष त्या ठराविक बॅटरीत होता, फोन चालू होता म्हणून नव्हे.

आता चार्जर, इथं जरा थांबून वाचा. बाजारात ढिगानं मिळणारे चार्जर आम्ही उघडून बघितलेत, आत ट्रान्सफॉर्मर एवढासा, फिल्टरचा कपॅसिटर जागेवर नाही, २३० ची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू पट्टीवर एकमेकीला चिकटायची बाकी. असला चार्जर लावून फोनवर बोललात तर चालू-बंदचा प्रश्नच राहत नाही, धोका थेट अंगाला आहे. (चांगल्या दोन पिनच्या चार्जरवर पण मेटल बॉडीच्या फोनला कधीकधी हलकी झिणझिण लागते, ती वेगळी, त्यानं काही होत नाही. चटका बसला तर मात्र चार्जर बाद.) घेताना मागं आयएसआयचा शिक्का नव्हे, बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) रजिस्ट्रेशन बघा, आयएस १३२५२ आणि त्याच्याखाली आर- करून आठ आकडी नंबर. बॅटरीवर आयएस १६०४६ असतं. तो आर नंबर बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकून बघता येतो, कंपनीचं नाव येतं. आमच्या दुकानातला माल पण तसाच तपासून घ्या, आम्हाला राग येणार नाही.

करंटचं म्हणाल तर हेस्कॉमची (आपल्या वीज कंपनीची) लाईट संध्याकाळी मिणमिण झाली म्हणून चांगल्या चार्जरला काही होत नाही, त्याच्यावर इनपुट १०० ते २४० लिहिलेलं असतंय ते त्याच्यासाठीच. भीती कमी व्होल्टेजची नाही, जास्तीची. गावात न्यूट्रल तुटला की घरात नको तेवढं व्होल्टेज येतं आणि पहिल्यांदा चार्जर, टीव्ही जातात. वळीव सुरू झाला, ढग गडगडायला लागले की फोन बंद करून उपयोग नाही, चार्जर बोर्डातनं काढा. आणि शेतातली मंडळी, कृपा करून मोटरच्या स्टार्टर पेटीत दोन वायरी खुपसून चार्जर लावू नका. दोन फेज हाताला लागले तर ते ४०० व्होल्टच्या वर असतंय, चार्जर सोडा, तुम्ही शिल्लक राहायला पाहिजे. त्यापेक्षा एक पॉवर बँक घ्या, नाहीतर घरनंच भरून न्या.

फोन खरोखर बंद करायला पाहिजे अशा वेळा पण आहेत. एक, पावसात भिजला. खानापूर भागात जून-जुलैमध्ये खिशातला फोन कोरडा राहणंच अवघड. लगेच बंद करा, चार्जिंगला अजिबात लावू नका, टाइप-सीचं तोंड खाली करून हातावर हलकं आपटा आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायचं सोडून द्या, आपला बेळगाव बासमती भातासाठी चांगला आहे, फोनच्या भोकात त्याची पूड गेली की ती काढायला आमच्याकडंच यायला लागतं.

दोन, पोर्ट साफ करताना. वडगाव, शहापूरकडनं लूमवाले (मागावर कापड विणणारे) येतात त्यांच्या फोनच्या पोर्टात सुताचा कोंडा इतका दाबून बसलेला असतो की भिंगाखाली बघितलं तर करड्या कापडाचा तुकडा शिवून बसवल्यासारखं दिसतं, निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्यात तोच थर तपकिरी आणि चिकट. प्रत्येक वेळी केबल घालताना तो थोडा आणखी आत जातो, मग केबल पूर्ण बसत नाही, हलली की चार्जिंग तुटतं, लोक समजतात पोर्ट गेलं. फोन बंद करा, लाकडी टूथपिकनं कडेकडेनं उकरून काढा, मधल्या जिभेला धक्का नको. सुई, पिन, सेफ्टी पिन घालू नका, दोन पॉइंट जुळले की बोर्ड जातो आणि मग खर्च खरा.

तीन, फोन बरेच दिवस वापरायचा नसेल. मिलिटरीतली पोरं सुट्टी संपवून जाताना जुना फोन कपाटात टाकून जातात, परत येऊन चार्जिंगला लावला की चिन्हच येत नाही. शून्यावर उतरलेली बॅटरी महिनोनमहिने तशीच राहिली की इतकी खाली जाते की सर्किट तिला घ्यायलाच तयार होत नाही. ठेवायचाच असेल तर ५० टक्क्याच्या आसपास भरा, बंद करा, थंड जागी ठेवा, मधनं एकदा घरच्या कुणाला तरी बघायला सांगा.

गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात मॅप लावून चार्जिंग करत चोर्ल्यातनं गोव्याला जाणाऱ्यांनी एसीच्या जाळीपुढं होल्डर लावावा. बाकी कव्हर जाड असेल तर चार्जिंगला लावताना काढून टाका.

चार्जिंगची तक्रार घेऊन येताना फोन एकटा आणू नका, घरात रोज वापरता तो चार्जर आणि तीच केबल पण आणा, मीटर लावून बघतो, बऱ्याच वेळा केबल बदलली की काम होतं आणि फोन उघडायची गरजच पडत नाही. मागचं झाकण उचललंय, स्क्रीन कडेनं सुटल्यासारखी दिसतेय असं असेल तर बॅटरी फुगलीय, अशा वेळी चालू पण नको, चार्जिंग पण नको, बंद करून दाब न देता सरळ घेऊन या. काढलेली फुगकी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, पोरांच्या हातात देऊ नका, आमच्याकडं ठेवून जावा, ई-कचऱ्यात आम्ही पाठवतो.